सहावं घर

दसऱ्याला आमच्या घरी चौरंगावर तीन वस्तू मांडतात. बाबांचा पितळी तराजू, माझ्या स्कूटरची किल्ली आणि एक .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, रिकामं केलेलं. तराजूला हळदकुंकू, किल्लीला हळदकुंकू, रिव्हॉल्व्हरला मात्र फक्त झेंडूचं एक फूल, तेही शेजारी ठेवलेलं. ओलं बोट लावायचं नाही हा बाबांचा दंडक. कारण एका वर्षी आईनं भक्तिभावानं लावलेलं कुंकू पुसायचं राहिलं आणि दिवाळीला पाहतो तर मुठीच्या वर गंजाचा ठिपका. मसुरीच्या डाळीएवढा. तो अजून आहे. आई गेली, बाबा गेले, कुंकू राहिलं.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. संध्याकाळी माझा शाळेपासूनचा मित्र सोनं द्यायला आला, तोही घामाघूम. नागपुरात लक्ष्मीनगरातून महालात यायचं, मधे दीक्षाभूमी. त्या दिवशी तिथे देशभरातून माणसं येतात, तेव्हा गाडीवाल्यानं आपला रस्ता आपणच शोधायचा असतो. आपट्याची पानं हातात देता देता त्यानं चौरंगाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बे, हे मले देऊन टाक. माझं पिस्तूल तू घे."

जणू लहानपणी गोट्या बदलून घ्यायचो तसं.

त्याचं पिस्तूल म्हणजे सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं 'अशनी'. नाव झकास आहे. अशनी म्हणजे इंद्राचं वज्र. माझं रिव्हॉल्व्हर कानपूरचं, वेब्ली या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या घराण्यातलं, त्याला असलं नाव नाही. बाबा त्याला 'वस्तू' म्हणत. "वस्तू घेतली का?" असं आई बाबांना विचारायची, ते काटोल-वरुडकडे निघाले की. बाबा संत्र्याचे अडत्ये. बहाराच्या दिवसांत बगीचेवाल्यांना द्यायची रोकड पिशवीत घालून एसटीनं नाहीतर ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जायचे. त्या पिशवीपायी लायसन मिळालं होतं. आता धंदा मी पाहतो, आणि सगळे पैसे फोनवरून जातात. माझ्याजवळ रोकड किती असते? भाजीवाल्यापुरती. म्हणजे ज्या कारणासाठी ती वस्तू घरात आली ते कारण केव्हाच घरातून निघून गेलं, वस्तू तेवढी कपाटात राहिली.

तरी त्याच्या मागणीनं मी दचकलो. "कायले पायजे तुले?" विचारलं.

त्यानं उजवं मनगट पुढे केलं. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडला होता, हाड जुळलं पण पकड गेली. पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढायची म्हणजे आतल्या जाड स्प्रिंगशी कुस्ती. लहान .३२ पिस्तुलांत गोळीच्या धक्क्याला ती स्प्रिंग आणि स्लाइडचं वजनच आवरून धरत असतं, म्हणून ती मुळातच करकरीत. "साफ कराले घेतो तर अर्धा घंटा त्याच्याशी झुंजतो, बाप्पा. बायको हसते. तुझ्यात काय, गोळ्या टाकल्या, चाप ओढला, झालं."

मी विचार करतो म्हणालो. त्याला चिवडा दिला.

विचार मात्र खरंच सुरू झाला, आणि तो भलतीकडेच गेला. दोन गाड्यांत, दोन फोनांत निवड करायची तर काय पाहतो आपण? कोणती जास्त चांगली चालेल. इथे दोन्ही न चालाव्यात हीच इच्छा. बाबांच्या आयुष्यात ते रिव्हॉल्व्हर चांदमारीवरच्या सरावापलीकडे कधी उडालं नाही, माझ्याही नाही. म्हणजे प्रश्न असा की, न वापरण्यासाठी दोघांतलं कोणतं बरं? बाजारात हा प्रश्न कोणी विचारत नाही. गाडीच्या डिकीतली स्टेपनी, जिन्याखालचं लाल सिलिंडर, बायकोनं माळ्यावर ठेवलेली पंचवीस माणसांची पातेली यांच्याबाबत मात्र आपण मनातल्या मनात तो रोजच सोडवत असतो.

न वापरण्याच्या कसोटीवर रिव्हॉल्व्हर सरळमार्गी माणूस आहे. अंगठ्यानं खिटी दाबली की ते मधोमध वाकतं, शेतातली बारा बोअरची बंदूक वाकते तसंच, आणि गोळ्यांच्या चकरीतली सहाही घरं आपल्याकडे तोंड करून उभी राहतात. भरलेलं घर पिवळं दिसतं, रिकाम्यातून पलीकडचा उजेड. लपवाछपवी नाही. पिस्तुलाचं तसं नसतं. मुठीतून गोळ्यांची मॅगझीन काढली की माणसाला वाटतं रिकामं झालं. एक गोळी नळीच्या बुडाशी गुपचूप बसलेली असू शकते. बाहेरून काही कळत नाही. "रिकामंच होतं," असं सांगणारी माणसं अपघातानंतर सांगतात, ते त्या एका गोळीमुळे. मित्र या बाबतीत शिस्तीचा आहे, आधी मॅगझीन, मग स्लाइड, मग करंगळी घालून पाहणं. पण करंगळी घालून खात्री करावी लागते म्हणजे ती वस्तू आपल्याशी मोकळेपणानं बोलत नाही, असं माझं मत.

बाबा सहातली पाच घरंच भरायचे. गोळीवर आपटणारा घोडा ज्या घरावर टेकतो ते सहावं घर रिकामं. नव्या रिव्हॉल्व्हरांत त्याची तशी गरज नसते, घोड्याला अडवणारी सोय आत असते, हे त्यांना दुकानदारानं सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन पाचच भरली. लहानपणी मी विचारलं, तर म्हणाले, "एक खोली पाहुण्यासाठी ठेवावी." मला बरीच वर्षं ते खरं वाटायचं.

पण पिस्तुलाच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर मित्र म्हणेल याला बापाची वस्तू सोडवत नाही म्हणून तत्त्वज्ञान सांगून राह्यला. पिस्तूल चपटं. कमरेला लावलं तरी शर्टावर फुगवटा येत नाही. रिव्हॉल्व्हरची चकरी म्हणजे पोटावर बांधलेला लिंबू. आणि वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, चार-पाच संत्री खिशात घालून हिंडून पाहा. बाबा त्यापायी पँटला कायम पट्टा आणि वर सैल बुशशर्ट घालत. लग्नातल्या फोटोंतसुद्धा त्यांचा शर्ट बाहेर. नातेवाइकांना वाटायचं गबाळे आहेत.

लग्नावरून आठवलं. भाच्याच्या वरातीत एका पोरानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मामा, एक-दोन फायर होऊन जाऊ द्या ना." मी त्याला शस्त्र कायद्याची २०१९ ची दुरुस्ती ऐकवली. आनंदाच्या भरात बेपर्वाईनं बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याच्या लग्नाचं जेवणच रद्द केलं.

त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं केलं. तेवढ्यावरून मी घरी सहज म्हणालो, रीतसर परवानगी काढून त्याचंही घेता येईल, माझंही राहील. बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्ही दोन्ही विका आणि इन्व्हर्टरची बॅटरी बदला. मे महिन्यात चोर येईल का नाही माहीत नाही, लाइट नक्की जाईल."

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली. ठाण्यातून फोन आला, हत्यार जमा करा. मित्रालाही आला. वर्षातली ही दुसरी फेरी, एप्रिलमध्ये लोकसभेच्या वेळी आम्ही एकदा हे करून बसलो होतो. ठाण्यात रांगेत बसलेली माणसं पाहावीत. एकानं हत्यार रेशमी रुमालात गुंडाळलेलं, एकानं दुधाच्या पिशवीत. हवालदार नंबर वाचून घेतो, वहीत लिहितो, दोऱ्यानं चिठ्ठी बांधतो. आमची दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी पडली, चिठ्ठ्या बांधलेली, दवाखान्यातल्या नवजात पोरांसारखी. मित्र कुजबुजला, "इथंच बदलून टाकू का?" हवालदारानं वर पाहिलं. आम्ही दोघं पावती घेऊन सभ्यपणे बाहेर आलो.

महिनाभर कपाटाचा तो कप्पा रिकामा होता. मला काही चुकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. एकदाच, तिथे मोजे ठेवायला गेलो आणि हात आपोआप थांबला.

२० नोव्हेंबरला मतदान झालं, निकाल लागले, महिना संपता संपता आपापली वस्तू परत मिळाली. मग आम्ही ओळखीच्या बंदूकवाल्याकडे गेलो, दोघंही, लायसनं घेऊन. म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर. माझ्या मनात तोवर नक्की झालं होतं, देऊन टाकायचं. मित्राला गरज आहे, मला नाही. बाबांची आठवण लोखंडात कशाला ठेवायची, वगैरे वगैरे. घरी आरशासमोर मी हे जवळजवळ भाषण करून पाहिलं होतं.

म्हाताऱ्यानं आधी कायदा सांगितला. हे साडी देऊन भांडं घेण्यासारखं नाही, साहेब. आधी जिल्हाधिकाऱ्याकडे नाहीतर जवळच्या ठाण्यात लेखी कळवा की अमुक हत्यार अमुक माणसाला द्यायचंय, मग पंचेचाळीस दिवस थांबा. दोघांनीही कळवायचं, कारण दोघंही देणार. लायसनवर शस्त्राची नोंद बदलायची तर पोलिस आयुक्तालयात वेगळी चक्कर. आणि काडतुसांचं लक्षात ठेवा. दोन्हीला आपण बत्तीसच म्हणतो, पण तुमचं लांब, बुडाला कड असलेलं, १८९६ च्या वेळचं. यांचं आखूड, १८९९ चं, ब्राउनिंग या बंदूक बनवणाऱ्याचं. उरलेल्या गोळ्यासुद्धा एकमेकांच्या कामाच्या नाहीत.

मग त्यानं रिव्हॉल्व्हर मागितलं. वाकवलं, सहा रिकामी घरं पाहिली, दाराकडे तोंड केलं आणि अंगठ्याचं नख नळीच्या बुडाशी असं तिरपं धरलं की उन्हाचा कवडसा नखावर पडून नळीत शिरला. दुसऱ्या टोकाला डोळा लावला. मलाही दाखवलं. आत चकचकीत आटे गोल गोल फिरत लांब गेलेले, आणि तळाशी त्याचं गुलाबी नख, दिवा लावल्यासारखं. इतक्या वर्षांत मी त्या नळीत कधी असं पाहिलंच नव्हतं.

"काडतुसं कुठे ठेवता?"

"बाबांच्या चामडी पट्ट्यात."

"काढा तिथून. चामडं ओल धरतं, पितळेवर हिरवं चढतं." मी गप्प. हिरवं चढलेलंच होतं, मी ते दर दसऱ्याला फडक्यानं पुसत होतो.

"घ्या, पाहा," म्हणून त्यानं ते मित्राच्या हाती दिलं. "तिकडे भिंतीकडे धरा. चाप ओढा."

मित्रानं धरलं. बोट चापावर. ओढलं. चाप थोडा हलला, चकरी इंचभरही न फिरता थबकली. त्यानं ओठ आवळले, पुन्हा ओढलं, हात थरथरला आणि नळी छताकडे गेली. म्हातारा शांतपणे म्हणाला, "एकाच ओढीत घोडाही मागे न्यायचा आणि चकरीही फिरवायची, साहेब. कोणत्याही रिव्हॉल्व्हरला तो चाप जडच जातो. अंगठ्यानं घोडा चढवून पाहा, मग हलका लागेल."

अंगठ्यानं चढवायला गेला. दुखरं मनगट ते. घोडा अर्ध्यात आला आणि त्याच्या तोंडून "अय्याय" निघालं. म्हाताऱ्यानं अलगद त्याच्या हातातून काढून घेतलं, घोडा बोटानं धरून खाली बसवला आणि ते माझ्यासमोर काउंटरवर ठेवलं. पिस्तूल त्याच्यासमोर ठेवलं. कोणी काही बोललं नाही. बाहेर एक ई-रिक्षावाला हॉर्न वाजवत उभा होता.

मला सुटल्यासारखं झालं हे लपवण्यासाठी मी गोळ्या ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डबीचा भाव विचारला, आणि ती घेतलीही.

बर्डीवर येऊन आम्ही तर्री-पोह्याच्या गाड्यापाशी उभे राहिलो. दोघांच्याही बॅगा खांद्याला, दोघंही त्या बॅगा घट्ट धरून. तर्रीचा लाल तवंग प्लेटच्या काठापर्यंत आला होता. मित्र डाव्या हातानं खात होता.

"तुझे बाबा सहावी गोळी कायले नव्हते टाकत बे?" त्यानं मधेच विचारलं.

"पाहुण्यासाठी."

तो हसला, मग ठसका लागला. गाडीवाल्यानं लिंबाची फोड त्याच्या प्लेटमध्ये टाकली. त्यानं ती उजव्या हातात घेतली, दाबली, पुन्हा दाबली आणि माझ्याकडे पाहिलं. मी फोड घेऊन त्याच्या पोह्यांवर पिळून दिली.