चंद्रकळा, साडेपाचवाला आणि पहिली हाक

मागच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. इंदूरच्या तिलक नगरात आमचा तिसरा मजला, संध्याकाळभर बायकांची जिन्यात ये-जा चालू, आणि अशा गर्दीत व्हायचं तेच झालं, एका काकूंच्या नव्याकोऱ्या चपला कोणीतरी घालून गेलं. म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकांनी मोबाईलवर पार्किंगच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि आम्ही चौघीजणी माना वाकवून बघायला लागलो. वेळ सात वाजून दहा मिनिटं. जिन्यातून एकामागून एक बायका उतरतायत. सगळ्या पांढऱ्या साडीत. सगळ्यांची कपाळं मोकळी.

संक्रांत होती हो! प्रत्येकीने काळी साडी नेसली होती, मी तर आईची जुनी चंद्रकळा काढली होती, आणि जाताना प्रत्येकीला कुंकू मी माझ्या हाताने लावलं होतं. पांढरी साडी आणि मोकळं कपाळ याचा आपल्याकडे काय अर्थ घेतात ते वेगळं सांगायला नको. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकू काहीच बोलल्या नाहीत, फक्त नकळत त्यांचा हात कपाळाकडे गेला.

मी सहा-सात वर्षं झाली हॉरर कॅरेक्टर बनवतेय, म्हणजे चित्र काढते आणि त्या चित्रातल्या भुताची सगळी माहिती लिहिते, ते कुठे राहतं, कोणाला दिसतं, काय मागतं वगैरे. पण त्या रात्रीइतकी पटकन एखादी बाई माझ्यासमोर कधी उभी राहिली नव्हती.

आधी झालं काय ते सांगते, कारण माझ्यासाठी भूत तिथूनच सुरू होतं. आपल्या डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा उजेड दिसतो, त्यापुढचा इन्फ्रारेड दिसत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरला मात्र तो दिसतो. दिवसा रंग बिघडू नयेत म्हणून सेन्सरपुढे एक फिल्टरची काच असते, अंधार पडला की ती बाजूला सरकते आणि लेन्सभोवतीचे छोटे एलईडी लागतात, बहुतेक कॅमेऱ्यांत ८५० नॅनोमीटरचे, नीट बघितलं तर अंधुक लाल ठिपके दिसतात. आता काळं कापड काळं दिसतं ते आपल्याला दिसणाऱ्या उजेडात. त्यातले कितीतरी काळे रंग इन्फ्रारेड शोषतच नाहीत, परत फेकतात, म्हणून कॅमेऱ्याला ते कापड पांढरट दिसतं. कुंकवाचा लाल रंगही असाच उजळ होऊन कपाळाच्या कातडीत मिसळून जातो. बाई तीच, साडी तीच, फक्त बघणारा डोळा वेगळा.

आणि ती काच सरकताना आवाज येतो, टक्. संध्याकाळी कॅमेऱ्याखाली शांत उभं राहिलात तर ऐकू येतो. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन उभी राहिले होते.

तर त्या रात्री सुचलेल्या भुताचं नाव मी चंद्रकळाच ठेवलं, आणि ती अशी आहे. रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायका पांढऱ्या दिसतात, एकटीच काळीकुट्ट दिसते, कपाळावर ठसठशीत काळा टिळा. तीच ती. कारण जिन्यात प्रत्यक्ष भेटली तेव्हा ती पांढऱ्या साडीत होती आणि गर्दीत तुमचं लक्ष गेलं नाही. तिला काही नको असतं, फक्त वाण हवं असतं. तिला कधीच कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, आणि आता दारोदार लागलेल्या या कॅमेऱ्यांत ती सवाष्ण दिसते म्हणून जिथे टक् वाजतं तिथे ती जाते. उतारा सोपा आहे, तिला आत बोलवायचं, तिळगूळ द्यायचा. पण कुठल्याही घरातल्या मोठ्या बायका ते करत नाहीत, आणि माझ्या मते गोष्टीतली खरी भीती तिथे आहे.

उतारा हा शब्द मी आजीकडून घेतला. आजी रामबागेतल्या जुन्या घरात राहायची आणि तिच्या भुतांना पत्ता असायचा. मुंजा पिंपळावर, कारण मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत पोरगा गेला. गिऱ्हा पाण्यात. चकवा माळावर, तो रात्रभर तुम्हाला त्याच जागी फिरवणार. प्रत्येकाची जागा ठरलेली, वासना ठरलेली, नेम ठरलेला आणि उतारा ठरलेला. लहानपणी मी फक्त घाबरायचे, आता वाटतं की कॅरेक्टर डिझाइन म्हणून यापेक्षा पक्कं काही मी बघितलेलं नाही. दात किती मोठे आणि डोळे कसे लाल हे आजीने कधी सांगितलंच नाही. मुंजाचं काय राहून गेलं हे सांगितलं.

सुरुवातीला मी हे करत नव्हते. माझं पहिलं कॅरेक्टर म्हणजे एका मेलेल्या मुलीचा आत्मा मोबाईलमध्ये अडकलेला, रात्री स्क्रीन लागते, ती दिसते. दादाला वाचायला दिलं. तो म्हणाला, यात मोबाईलच्या जागी आरसा ठेव, एक ओळ तरी बदलेल का बघ. नाही बदलली. आरसा ठेवला तरी चालत होतं, विहीर ठेवली तरी चालत होतं. खूप लागलं मला ते, दोन महिने काही काढलं नाही, पण तेव्हापासून प्रत्येक कॅरेक्टरला मी आधी हीच परीक्षा लावते. यंत्राच्या जागी आरसा ठेवून गोष्ट चालत असेल तर ते यंत्राचं भूत नव्हे, यंत्रात भाड्याने राहिलेलं माणसाचं भूत आहे. वासना यंत्राच्या कामातूनच यायला हवी. ते यंत्र रोज काय करतं, ते कुठे चुकतं, आणि त्या चुकीत कोण अडकून पडू शकतं. चंद्रकळेतून तो कॅमेरा काढा बरं, ती उरतच नाही.

या परीक्षेतून सगळ्यात चांगला बाहेर पडलेला म्हणजे साडेपाचवाला. वहिनीचा एक जुना फोन कपाटात चार-पाच वर्षं मेलेला पडला होता, त्यात भाचीचे बाळपणीचे फोटो होते, म्हणून मी तो जेल रोडवर एका दुकानात घेऊन गेले. बॅटरी बदलल्यावर फोन चालू झाला आणि वर तारीख आली १ जानेवारी १९७०, सकाळचे ५:३०. दुकानातला मुलगा म्हणाला, "कुछ नहीं मैडम, नेट चालू करोगी तो टाइम अपने आप आ जाएगा." खरंच आला. पण मी त्या साडेपाचलाच अडकले.

कारण असं की कितीतरी यंत्रं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले अशी, आणि ती मध्यरात्र ग्रिनिचच्या हिशेबाची. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे यंत्र सगळं विसरलं, आकडा शून्यावर आला, की भारतात नेहमी पहाटेचे साडेपाचच वाजतात. लंडनच्या माणसाला हे भूत भेटणारच नाही! विसरलेल्या यंत्राची आपल्याकडची वेळ म्हणजे थंडीतली पहाट, इंदूरमध्ये जानेवारीत साडेपाचला मिट्ट काळोख असतो, धुकं असतं.

तर साडेपाचवाला म्हणजे स्वेटर आणि माकडटोपी घातलेला, चेहरा न दिसणारा माणूस, बगलेत पंचांग. आधी मी त्याच्या हातात कालनिर्णय दिलं होतं, मग लक्षात आलं की कालनिर्णय सुरू झालं १९७३ साली, त्याला ते मिळणार कुठून, म्हणून सगळं चित्र पुन्हा काढलं. पंचांगाची पानं कोरी आहेत. तो फक्त एवढंच विचारतो, "आज कितवी?" तुम्ही सांगितलीत की तो दिवस त्याचा होतो. लग्नाची तारीख असो, बारशाची असो, त्या दिवसाचे सगळे फोटो गॅलरीत सगळ्यात खाली जातात, १९७० मध्ये, आणि त्यात तुमच्या मागे धुक्यात तो उभा असतो. काही दिवसांनी तुम्हालाही तो दिवस आठवेनासा होतो. उतारा नेटवर्क. रेंज आली की तो जातो. म्हणून तो रेंज नसलेल्या ठिकाणी भेटतो, तळघरात, घाटात, आयसीयूच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये.

त्याला शेवटही आहे. जुन्या बत्तीस बिटांच्या, म्हणजे ठरावीकच मोठा आकडा मावणाऱ्या यंत्रांत सेकंदांचा हा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरून जाणार, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, आणि पुढच्या सेकंदाला ती यंत्रं उलटी फिरून ग्रिनिचच्या हिशेबाने १३ डिसेंबर १९०१ दाखवतील. तोवर साडेपाचवाल्याने गोळा केलेल्या सगळ्या तारखा त्याच्याबरोबर तिकडे जाणार. हा भाग मी अजून काढलेला नाही, मला जमेल की नाही माहीत नाही, पण रोज थोडा डोक्यात फिरतो.

यंत्राची भीती मला पहिल्यांदा कधी वाटली ते मात्र पक्कं आठवतं. अनंत चतुर्दशीची रात्र, बाबांच्या खांद्यावर बसून मी गिरण्यांच्या झांक्या बघतेय. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, इथे विसर्जनाच्या रात्री कापड गिरण्यांचे देखावे निघतात, दिव्यांनी लखलखलेले, आतल्या मूर्ती मोटरवर हलतात, रात्रभर मिरवणूक चालते. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली, बाकीच्याही गेल्या, तरी झांक्या निघतातच. त्या वर्षी एका झांकीत राक्षस होता, पण मला राक्षसाची भीती वाटली नाही. मला भीती वाटली कोपऱ्यात हात जोडून मान हलवणाऱ्या एका साध्या गावकऱ्याची. झांकी थांबली, बँड थांबला, पुढच्या ट्रकचं काहीतरी बिघडलं म्हणून लोक तिकडे वळले, आणि तो आपला मान हलवतोय. कोणी बघत नसतानाही.

मासाहिरो मोरी नावाच्या जपानी रोबोटतज्ज्ञाने १९७० मध्ये लिहिलं होतं की यंत्र माणसासारखं दिसत जातं तसं ते आपल्याला आवडत जातं, पण अगदी माणसाजवळ आलं की एकदम नकोसं वाटतं. बरोबरच असेल, पण तो गावकरी काही माणसासारखा दिसत नव्हता, पेपरमॅशेचा होता, नाकाचा रंग उडालेला. मला वाटतं त्याचं न थांबणं भीतीचं होतं. ज्यांनी त्याला बनवलं त्यांची गिरणी गेली, पगार गेले, माणसं गेली, आणि त्याला ते कळवलं कोणी?

कचरागाडीवरही एक कॅरेक्टर अर्धं झालंय, पहाटे तीनला येणारी, तेच ओळखीचं गाणं जरा हळू वाजवणारी, आणि ओला-सुका-प्लास्टिक या कप्प्यांच्या पुढे तिला एक कप्पा जास्तीचा. त्यात काय टाकायचं ते ठरलं की लिहीनच.

आता शेवटची, पहिली हाक. ही मी सगळ्यात हळू केली.

आजीची एक कॅसेट आहे आमच्याकडे. दादाने १९९४ मध्ये नवीन टेपरेकॉर्डर आणला तेव्हा भरलेली, आजी कहाणी सांगतेय. सुरुवातीला नुसती खरखर, मग आजी मला हाक मारते, "छकुले, अगं छकुले, ये ना इकडे," आणि मग कहाणी. गेल्या श्रावणात पंचवीस-तीस वर्षांनी ती लावली. हेडफोन होते कानात. खरखर चालू असताना, आजी बोलायच्या आधी, मला आजी ऐकू आली. अगदी बारीक, भिंतीपलीकडून यावी तशी, "छकुले, अगं छकुले". दोन-अडीच सेकंदांनी तीच हाक मोठ्याने.

मी कॅसेट बंद केली आणि बाल्कनीत जाऊन बसले.

नंतर कळलं, याला प्रिंट-थ्रू म्हणतात. टेप रिळावर थरावर थर गुंडाळलेली असते, वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली की एका थरातलं चुंबकत्व शेजारच्या थरावर हलकं उमटतं. शेजारचा थर म्हणजे रिळाचा एक वेढा आधीचा किंवा नंतरचा. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकते, त्या हिशेबाने एक वेढा म्हणजे दीड ते तीन सेकंद. नंतरचा ठसा मोठ्या आवाजात बुडून जातो, पण आधी शांतता असेल तर आधीचा ऐकू येतो. माणूस बोलायच्या आधी त्याचा आवाज.

आजीच म्हणायची, रात्री कोणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, तीनदा ऐकायची, माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल. माझ्या कॅरेक्टरचा नेम यावरच उभा आहे. पहिली हाक फार बारीक असते, आपल्या माणसाच्या आवाजात, आणि ती खऱ्या हाकेच्या बरोबर एक वेढा आधी येते. तिला ओ दिलीत की खरी हाक तुम्हाला कधीच ऐकू येत नाही, कारण तुम्ही एक वेढा आधीच निघून गेलेले असता. जितकी वर्षं कॅसेट न वाजता पडलेली, तितकी ती स्पष्ट. मग चित्र काढलंच नाही हिचं. एक कोरा चौकोन ठेवला आणि खाली फक्त ती हाक लिहिली.

दादा म्हणतो कॅसेट लवकर डिजिटल करून घे, आणि त्याचं बरोबर आहे, टेप काही कायमची नाही. ती बारीक हाकही तशीच उतरेल कॉपीत. पण ज्यांच्याकडे चौकशी केली ते म्हणाले, आधी दोन-चारदा पूर्ण पुढे-मागे फिरवून आणा, टेप मोकळी होते आणि असले ठसे बरेच पुसट होतात. म्हणजे उतारा आहे, अगदी खराखुरा, आणि हातात पेन्सिल घेतली तरी करता येतो.

कॅसेट मी होती तशीच, न फिरवता, डबीत ठेवलीय.