फेरिटिन ७८० आणि माळ्यावरची कढई

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ७८० आलं. लॅबने छापलेली वरची मर्यादा ४००. हिने पहिलं काम काय केलं, तर लोखंडी कढई आणि तवा माळ्यावर टाकले. पालक, खजूर बंद. मी रात्री दोनपर्यंत मोबाईलवर हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे अंगात जास्तीचं लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार, वाचत बसलो.

फिजिशियननी आधी विचारलं, "रक्त देण्याआधी ताप होता का?" होता की, आठवडाभर व्हायरल. दुसरा प्रश्न गोळ्यांचा. थकवा वाटतो म्हणून मेडिकलमधून आणलेली आयर्नची कॅप्सूल मी स्वतःच्याच मनाने घेत होतो. ती त्यांनी तिथल्या तिथे बंद केली. म्हणाले, "फेरिटिनमध्ये लोह साठतं हे खरं, पण अंगात कुठे सूज असली, लिव्हर बिघडलं तरीही ते वाढतं. नुसत्या त्या आकड्यावरून लोह जास्त आहे असं म्हणता येत नाही."

तीन आठवड्यांनी उपाशीपोटी परत तपासायचं ठरलं. हे दिवस वाईट गेले. त्यात एका मित्राचा सल्ला, "रक्तदान कर, झटक्यात उतरेल." डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं: कारण कळायच्या आत रक्त काढून आकडा पाडायचा नाही.

दुसऱ्या वेळी फेरिटिन ६१०, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी चाचणी) नॉर्मल, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २९ टक्के. खरी मेख या शेवटच्या आकड्यात होती. ट्रान्सफेरिन म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारी गाडी. माझ्या गाडीत शंभरपैकी २९ जागा भरलेल्या. ४५ च्या वर असत्या तर हिमोक्रोमॅटोसिससाठी जनुकीय चाचणीचा विचार करावा लागला असता.

मग लिव्हरचं एसजीपीटी ७१ म्हणजे वाढलेलं, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं एचबीए१सी ६.२ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड २. म्हणजे मी लोह शोधत होतो आणि दुखणं पोटाच्या घेरात होतं. शनिवारची 'बैठक' बंद झाली (मित्र अजून टोमणे मारतात), जेवण साडेसातला, रोज पाऊण तास चालणं. पाच महिन्यांत वजन ८४ वरून ७८, फेरिटिन ३४०. एसजीपीटीही उतरलं. आता सहा महिन्यांनी पुन्हा.

माझ्याबरोबर हिनेही तपासून घेतलं होतं. तिचं फेरिटिन निघालं ९. वर्षानुवर्षं त्याच कढईतलं खाऊन! कढई त्याच संध्याकाळी माळ्यावरून खाली आली, आणि आयर्नच्या गोळ्या आता तिला चालू आहेत.