छंदाच्या कर्नलची नोंद: रिकामे कॉलबॅक

या टप्प्यात माझ्या छोट्या एक्स८६-६४ कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) ड्रायव्हरांची कॉलबॅक टेबले, म्हणजे कर्नलने गरजेनुसार बोलवायच्या फंक्शनांच्या पत्त्यांच्या (पॉइंटरांच्या) याद्या, तपासायला घेतली. सी भाषेत असे टेबल भरताना ज्या फील्डचे नाव लिहिलेले नसते तेथे आपोआप शून्य बसते, कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही आणि ते फंक्शन कोणी बोलावेपर्यंत सारे सुरळीत दिसते.

पहिले काम शून्य पत्त्याच्या पेजचे (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याचे) होते. बूटच्या वेळचे आयडेंटिटी मॅपिंग (आभासी पत्ता तोच प्रत्यक्ष पत्ता) तसेच ठेवले, तर रिकामा कॉलबॅक बोलावून शून्यावर उडी मारूनही लगेच फॉल्ट येत नाही. तेथील बाइट सूचना म्हणून चालू लागतात आणि कर्नल भलत्याच ठिकाणी कोसळते. ते पेज अनमॅप केल्यावर क्यूएमू या एम्युलेटरमध्ये तत्काळ पेज फॉल्ट मिळतो: आरआयपी (चालू सूचनेचा पत्ता) शून्य, सीआर२ (फॉल्ट झालेला पत्ता) शून्य आणि, एनएक्स (डेटा सूचना म्हणून चालवण्यास मनाई) सुरू असल्यास, एरर कोड हेक्समध्ये १०. अशा वेळी आरआयपीवरून काहीच कळत नाही. मात्र कॉल सूचनेने परतीचा पत्ता स्टॅकवर आधीच ठेवलेला असल्यामुळे आरएसपीपाशी (स्टॅकच्या टोकाशी) असलेले आठ बाइट वाचून ॲडर-टू-लाइन या पत्त्यावरून सोर्सची ओळ सांगणाऱ्या साधनाला दिले की कॉल करणारी ओळ हाती लागते. (ऑप्टिमायझरने टेल कॉल केला असेल, म्हणजे फंक्शनातील शेवटच्या कॉलऐवजी थेट उडी घातली असेल, तर एक पायरी वरची ओळ मिळते.) पॅनिक हँडलर (कर्नल कोसळताना चालणारा कोड) आता हा पत्ता स्वतःच छापतो.

प्रतिबंधासाठी अनिवार्य कॉलबॅक नोंदणीच्या वेळीच तपासले जातात आणि एखादा नसेल तर ड्रायव्हर नाकारला जातो. ऐच्छिक कॉलबॅकच्या जागी डीफॉल्ट फंक्शन भरण्याचा विचार सोडून दिला, कारण टेबले कॉन्स्ट (न बदलणारी) असून केवळ-वाचनीय भागात राहतात आणि ती तशीच राहावीत असे माझे मत आहे. त्यामुळे ऐच्छिक कॉलबॅक एकाच रॅपरमधून, म्हणजे पॉइंटर रिकामा नाही ना हे आधी तपासणाऱ्या फंक्शनातून, बोलावले जातात. लिनक्समध्ये अनलॉक्ड-आयओसीटीएल (डिव्हाइसला खास आज्ञा देण्याचा कॉलबॅक) नसल्यास ई-नॉट-टीटीवाय हा एरर कोड परत येतो, तेच येथेही घडते.

रॅपर असणे पुरेसे नाही, हे लिनक्समधील २००९ च्या सॉक-सेंडपेज प्रकरणात दिसते. सॉकेटवर डेटा पाठवणाऱ्या कर्नल-सेंडपेज या फंक्शनात तपासणी होती, पण सॉक-सेंडपेज तिला वळसा घालून पॉइंटर थेट बोलावत असे. काही प्रोटोकॉलांनी तो भरलेलाच नव्हता आणि शून्य पेज मॅप करू शकणाऱ्या साध्या वापरकर्त्याला त्यातून रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार मिळवता येत. दुरुस्ती म्हणून तो कॉल कर्नल-सेंडपेजकडे वळवण्यात आला. म्हणून माझ्या बिल्डमध्ये रॅपरच्या फाइलबाहेर टेबलातील पॉइंटर थेट बोलावलेला आढळल्यास ग्रेपची (मजकूर शोधणाऱ्या साधनाची) तपासणी बिल्ड थांबवते. टाइमरचे कॉलबॅक अजून या चौकटीत आणायचे आहेत.