मोंप्लेझीरच्या कार्यालयात: एन्नहदाच्या नेत्यांशी झालेल्या भेटी

ट्युनिस शहराच्या मोंप्लेझीर भागात, खासगी कंपन्यांच्या कचेऱ्यांच्या गर्दीत, एन्नहदा पक्षाचे मुख्यालय होते. पिवळ्या टॅक्सीच्या चालकाला पत्ता सांगावा लागला नाही. पक्षाचे नाव ऐकताच त्याने आरशातून आमच्याकडे एकदा निरखून पाहिले आणि मीटर टाकला. नोव्हेंबर २०१६ चे ते दिवस होते. दिल्लीत पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका यांच्या राजकारणावर एम.ए. करत असताना मी ट्युनिशियाला गेले होते, आणि अरब जगात निवडणूक जिंकून सत्तेवर आलेला, पुढे ती आपणहून सोडणारा एक इस्लामी पक्ष आतून कसा आहे हे पाहण्याची मला उत्सुकता होती. सोबत दुभाषी म्हणून मनूबा विद्यापीठात शिकणारी एक मैत्रीण होती. तिच्या घरात कोणीही या पक्षाला कधी मत दिलेले नव्हते आणि देण्याची शक्यताही नव्हती, हे तिने मला आधीच बजावून सांगितले होते.

पुढचे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. राशिद घन्नूशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संघटना १९८१ मध्ये उघडपणे जाहीर केली. एन्नहदा हे नाव तिने १९८९ मध्ये घेतले. त्याआधी, पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या हबीब बुर्गिबा यांनी १९५६ मध्येच कौटुंबिक कायदा आणून बहुपत्नीत्वावर बंदी घातली होती आणि देशाच्या सार्वजनिक जीवनाला फ्रेंच वळण दिले होते. १९८७ मध्ये बेन अली सत्तेवर आले, सुरुवातीला थोडी मोकळीक मिळाली, पण १९८९ च्या निवडणुकीत या पक्षाच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या अपक्षांचा जोर दिसताच वरवंटा फिरला. हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले, बाकीचे पॅरिस आणि लंडन येथे परागंदा झाले. बेन अलींना सत्तेवरून घालवणाऱ्या क्रांतीनंतर, ३० जानेवारी २०११ रोजी घन्नूशी लंडनहून परतले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पक्षाने संविधान सभेच्या २१७ पैकी ८९ जागा जिंकल्या. मी गेले तेव्हा हा पक्ष, त्याला रोखण्यासाठीच स्थापन झालेल्या निदा तूनिस या पक्षाबरोबर सरकारात बसला होता.

घन्नूशींची भेट मिळाली नाही. राजकीय समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मात्र आम्हाला दुपारचा भरपूर वेळ दिला. गृहस्थ साठीच्या घरातले, व्यवसायाने अभियंता, अंगावर साधा कोट, टाय नाही. मैत्रिणीशी त्यांनी हस्तांदोलन केले नाही. छातीवर हात ठेवून मान किंचित झुकवली. माझ्याशीही तेच. मैत्रिणीने माझ्याकडे ‘पाहिलेस ना’ अशा अर्थाने पाहिले, परंतु पुढचे दोन तास त्यांनी प्रत्येक उत्तर देताना आम्हा दोघींकडे सरळ पाहून बोलण्याची जी काळजी घेतली, तीही नोंदवणे मला आवश्यक वाटते.

मी तयारी करून गेले होते. मार्च २०१२ मध्ये पक्षाने संविधानात शरियाचा उल्लेख नको, देशाचा धर्म इस्लाम असे सांगणारे १९५९ च्या संविधानातले पहिले कलम जसेच्या तसे राहू द्या, अशी भूमिका का घेतली, हा माझा पहिला प्रश्न होता. धर्मशास्त्राचा काही आधार, एखाद्या विचारवंताचा दाखला ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी त्यांनी मलाच विचारले, की १९९२ च्या जानेवारीत अल्जीयर्समध्ये काय झाले ते तुम्ही वाचले आहे का. मग टेबलावरचा कागद ओढून त्यांनी त्यावर सनावळी लिहायला सुरुवात केली. डिसेंबर १९९१: अल्जीरियात मतदानाच्या पहिल्या फेरीत इस्लामी आघाडीची सरशी. जानेवारी १९९२: लष्कराने निवडणूक रद्द केली, त्यानंतर दशकभराचे यादवी युद्ध. ३ जुलै २०१३: कैरोत इजिप्तचे निवडून आलेले इस्लामी राष्ट्राध्यक्ष मुर्सी पदच्युत. १४ ऑगस्ट २०१३: कैरोच्याच राबिया चौकात मुर्सी-समर्थकांचे हत्याकांड. आणि या दोन तारखांच्या मध्ये, २५ जुलैला, ट्युनिसमध्ये विरोधी नेते मुहम्मद ब्राहमी यांची हत्या झाली आणि शहराच्या बार्डो भागातल्या संसदेसमोर लोक सरकारच्या राजीनाम्यासाठी ठाण मांडून बसले. त्याच ऑगस्टमध्ये घन्नूशी पॅरिसला जाऊन विरोधकांचे नेते, निदा तूनिसचे संस्थापक बेजी कैद एस्सेब्सी यांना भेटले. जानेवारी २०१४ मध्ये संविधान मंजूर झाले आणि पक्षाने सरकार एका पक्षातीत पंतप्रधानाच्या हाती दिले. कागद भरला तेव्हा त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. माझ्या प्रश्नाचे त्यांच्या मते तेच उत्तर होते.

मे २०१६ मधल्या महाअधिवेशनात पक्षाने राजकारण आणि धर्मप्रसार यांची फारकत केली होती आणि घन्नूशी स्वतःला ‘मुस्लीम डेमोक्रॅट’ म्हणवून घेऊ लागले होते. त्या अधिवेशनाच्या उद्घाटनाला तर राष्ट्राध्यक्ष झालेले एस्सेब्सी स्वतः पाहुणे म्हणून आले होते. युरोपातल्या वर्तमानपत्रांत या सगळ्याचे वर्णन वैचारिक उत्क्रांती असे होत होते. माझे मत त्या दुपारपासून वेगळे झाले. या पिढीची मवाळ भूमिका ग्रंथांतून आलेली नाही, ती धास्तीतून आली आहे, आणि त्या धास्तीला नावे आहेत: अल्जीयर्स, कैरो आणि स्वतःच्या देशातले तुरुंग.

तुरुंगाचा विषय मी काढला नव्हता. तो आपोआप निघाला, कारण त्या कार्यालयात कोणाचा परिचय करून देताना ‘हे आणि मी अमुक ठिकाणी एका कोठडीत होतो’ असे सांगण्याची पद्धतच होती. आपल्याकडे आणीबाणीत येरवड्याला एकत्र राहिलेले लोक पुढे वर्षानुवर्षे असेच बोलत, त्याची आठवण झाली. फरक इतकाच की इथे महिन्यांचा नव्हे, दशकांचा हिशेब होता. या सदस्यांना बिझर्तजवळच्या बुर्ज अर-रूमी तुरुंगात ठेवले होते. मध्येच कधीही दुसऱ्या टोकाच्या तुरुंगात हलवत, घरच्यांना कळवत नसत, आणि त्यांची पत्नी विणलेल्या टोपलीत जेवण घेऊन अर्धा देश ओलांडून पोहोचे तेव्हा दारावरच तिला कळे की नवरा इथे नाही. ती टोपली, ‘कुफ्फा’, त्यांनी दोन्ही हातांनी तिचा आकार दाखवत वर्णन केली: तळाशी जड भांडे, वर पाव, त्यावर कपडे, आणि पहारेकरी प्रत्येक पावात सळई खुपसून पाहत. कैद्याच्या कुटुंबाला शेजाऱ्याने पैशाची मदत केली तर तोही गुन्हेगार ठरे. सुटकेनंतर त्यांना रोज पोलीस ठाण्यात सही करायला जावे लागे, त्यामुळे नोकरी कोणी देत नसे. हे सगळे त्यांनी इतक्या कोरड्या आवाजात सांगितले, की अनुवाद करताना मैत्रिणीचाच आवाज दोनदा अडखळला.

योगायोगाने त्याच आठवड्यात, जुन्या राजवटींतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि प्रतिष्ठा आयोगाच्या जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. १७ नोव्हेंबरच्या रात्री सिदी बू सईद इथल्या, पूर्वी बेन अली यांच्या पत्नीच्या ताब्यात असलेल्या एका क्लबमधून, साक्षी थेट प्रक्षेपित होत होत्या. आम्ही मैत्रिणीच्या घरी बसून त्या पाहिल्या. १९९१ मध्ये गाबेस शहरात अटक झाल्यावर पुन्हा कधीच न दिसलेल्या एका एन्नहदा कार्यकर्त्याची आई आणि पत्नी बोलल्या. त्याच सत्रात बुर्गिबांच्या काळात कैद भोगलेले डावे लेखक जिल्बेर नक्काश हेही साक्षीला बसले होते. मैत्रिणीचे वडील, जे एन्नहदाचे नाव निघाले की विषय बदलत, ते रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोरून उठले नाहीत. मात्र सकाळी नाश्त्याला त्यांनी स्पष्ट सांगितले, की ज्याने छळ सोसला त्याच्या हाती देश द्यावा असे त्यातून निघत नाही.

बार्डोच्या संसदेत भेटलेल्या खासदारबाईंनी माझ्या सिद्धान्ताला थोडा धक्का दिला. बालपण आणि शिक्षण पॅरिसच्या उपनगरात, वडील परागंदा झालेले. डोक्याला फिकट निळा हिजाब, बोलणे अस्खलित फ्रेंचमध्ये आणि वेगाने. कैद त्यांनी भोगली नव्हती, त्यामुळे धास्तीची भाषा त्यांच्याकडे नव्हती. होता तो आत्मविश्वास. उमेदवार याद्यांमध्ये स्त्री आणि पुरुष आळीपाळीने असण्याचा नियम २०११ मध्ये आला आणि त्याचा सर्वाधिक फायदा आमच्याच पक्षाच्या स्त्रियांना झाला, हे त्यांनी हसत हसत ऐकवले. ते खरेच आहे. १९८१ च्या परिपत्रकाने हिजाब घालणाऱ्या मुलींना शाळा आणि सरकारी नोकरी बंद केली तेव्हा स्त्रीमुक्तीचे पुरस्कर्ते कुठे होते, हा त्यांचा प्रश्नही मला बिनतोड वाटला. परंतु वारसाहक्काचा विषय काढताच तो वेग एकदम मंदावला. मुलीला मुलाइतका वाटा मिळावा की नाही, एवढेच मला हवे होते. उत्तरात समाजाची तयारी, चर्चेची गरज, कुराणातले स्पष्ट वचन आणि अर्थव्यवस्थेचे अग्रक्रम हे सगळे आले. हो किंवा नाही मात्र आले नाही. २०१८ मध्ये एस्सेब्सी यांनी समान वाट्याचा प्रस्ताव मांडला आणि पक्षाची धोरणे ठरवणाऱ्या शूरा परिषदेने त्याला विरोध केला, तेव्हा ते उत्तर मला मिळाले.

एत्तदामन या ट्युनिसच्या गरीब वस्तीतल्या शाखेचा प्रमुख सर्वांत मोकळेपणाने बोलला. तो पस्तिशीचा, मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा होता. अधिवेशनाने मशिदीतले काम वेगळे काढले, आता मशिदीत आम्ही बोलायचे नाही आणि मंत्रालयात आमचे कोणी ऐकत नाही, अशी त्याची तक्रार होती. वस्तीतली मुले सीरियाला गेली, समुद्र ओलांडून लाम्पेदुसा या इटलीच्या बेटावर गेली. त्यांना अडवण्यासाठी पक्षाकडे नोकरी नव्हती आणि आता धर्मही नव्हता. वरिष्ठ नेते विरोधकांशी जुळवून घेण्यात इतके गुंतले आहेत, की ज्यांनी मते दिली त्यांच्याशी जुळवून घ्यायला त्यांना सवड नाही, असे तो म्हणाला.

मला वाटते त्याने नेमके वर्म पकडले होते. बेन अलींच्या राजवटीतल्या पदाधिकाऱ्यांना निवडणुकीपासून दूर ठेवणारे कलम २०१४ मध्ये एका मताने पडले, आणि ते पडावे म्हणून स्वतः घन्नूशींनी आपल्या खासदारांना समजावले होते. तुरुंगात टाकणाऱ्यांनाही सूडाविना राजकारणात जागा देणे ही मोठी गोष्ट आहे, यात मला शंका नाही. पण धास्तीतून शिकलेला पक्ष ताकदवानांपुढे नमते घ्यायला शिकतो. बेरोजगाराचे काय करायचे, हे धास्ती शिकवत नाही. मी भेटलेल्या एकाही नेत्याकडे दक्षिणेतल्या फॉस्फेटच्या खाणी किंवा भावांची वाढ यांवर पाच मिनिटे बोलण्याइतके काही नव्हते. मैत्रिणीला त्यांचे बोलणे दुटप्पी वाटे. मला ते दुटप्पी वाटले नाही, अपुरे वाटले.

२०१९ मध्ये पक्षाच्या जागा ५२ वर आल्या, तरी घन्नूशी संसदेचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली, लष्कराने बार्डोचे फाटक बंद केले आणि घन्नूशी रात्री बाहेर मोटारीत बसून राहिले. त्यांच्यासाठी लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले नाहीत, उलट अनेक शहरांत आनंद साजरा झाला. एप्रिल २०२३ मध्ये घन्नूशींना अटक झाली आणि मोंप्लेझीरच्या त्या कार्यालयाला पोलिसांनी टाळे ठोकले. एप्रिल २०२५ मध्ये राज्याविरुद्धच्या कटाच्या आरोपाखाली ज्यांना लांबलचक शिक्षा झाल्या, त्यांत एन्नहदाचे नेते होते आणि त्यांचे धर्मनिरपेक्ष टीकाकारही. २००५ च्या ऑक्टोबरात बेन अलींविरुद्ध याच दोन बाजूंच्या लोकांनी एकत्र उपोषण केले होते. मैत्रीण आता वकिली करते. एन्नहदाला ती आजही मत देणार नाही, पण या खटल्यातल्या आरोपींच्या सुटकेसाठी निघणाऱ्या मोर्चांना जाते, आणि तिच्या वडिलांना ते मुळीच पसंत नाही.