एका पानासाठी अडलेलं अपील

माझा भाऊ खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटला, याचा आनंद आहेच. पण कोर्टाच्या रेकॉर्डमधलं एक पान मिळवताना जो वेळ वाया गेला, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या वेळात तो गोव्यातल्या कोलवाळच्या मध्यवर्ती तुरुंगात होता. घरातल्या माणसाला खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली आणि तो निर्दोष आहे याची खात्री असेल, तर पुढचं लिखाण उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

भाऊ पाडेली. आमच्या सत्तरी तालुक्यात माडावर चढणारे आता मोजकेच राहिलेत, त्यांतला एक. ज्या बागायतदारांकडे तो वर्षानुवर्षं नारळ काढायला जायचा, ते एका सकाळी कुळागरात, म्हणजे त्यांच्या माड-पोफळीच्या बागेत, मरून पडलेले सापडले. अंगावर कोयत्याचे वार होते. काही दिवसांनी पोलिसांनी भावाला नेलं. खून होताना पाहणारा कोणी नव्हता, सगळा पुरावा परिस्थितीजन्य. त्यात दोन गोष्टी मुख्य. आदल्या संध्याकाळी दोघांना एकत्र पाहिलं असं सांगणारा एक दुकानदार. त्याचा जबाब पोलिसांनी खूप उशिरा घेतला होता. आणि भावाने कोठडीत असताना स्वतः काढून दिला असं म्हणून पुढे आणलेला कोयता. त्यावर माणसाचं रक्त आहे पण गट निश्चित होत नाही, असा प्रयोगशाळेचा अहवाल होता. सत्र न्यायालयाने ३०२ खाली जन्मठेप दिली. कुठलं न्यायालय ते इथे लिहीत नाही.

खटल्याबद्दल याहून जास्त लिहायची इच्छा नाही. निकालानंतरचं लिहिते.

शिक्षा झाली की निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि फुकट मिळते. तो त्याचा हक्क आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याचं कलम ३६३ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ४०४ आहे. हायकोर्टात अपिलाची मुदत ६० दिवस. प्रमाणित प्रत मिळवण्यात जे दिवस जातात ते यातून वजा होतात, म्हणून प्रतीच्या मागे अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा मारलेल्या असतात त्या नीट बघून घ्या. मुदत टळली तरी उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, त्यामुळे धीर सोडू नका.

वकिलासाठी आमच्याकडे पैसे उरले नव्हते. खालच्या कोर्टातच आईच्या पाटल्या गेल्या होत्या. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. गावात प्रत्येकाने सांगितलं की फुकटचा वकील लक्ष घालत नाही. मी हे आग्रहाने खोडून काढते. आम्हाला मिळालेल्या वकील मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान, पण त्या कोलवाळला जाऊन भावाला भेटल्या आणि कोयता घरात कुठे ठेवायचास, कोण कोण येतं तुझ्या पडवीत, हे त्यांनी त्याला विचारलं. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

अपील दाखल झालं, सुनावणीला घेतलंही गेलं. शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडण्याचा अर्ज नामंजूर झाला. जन्मठेपेच्या प्रकरणात सरकारी वकिलाला लेखी म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय तो मंजूरच होत नाही, आणि आमच्याकडे तेव्हा दाखवायला नवं काही नव्हतं.

ते नवं म्हणजे ते पान.

खालच्या कोर्टातलं सगळं रेकॉर्ड वर येतं, त्यावरून पेपरबुक, म्हणजे अपिलासाठी लागणाऱ्या कागदांचा एकत्र संच, तयार होतं, आणि दोन न्यायाधीशांचं खंडपीठ ते वाचून अपील ऐकतं. रेकॉर्डवर जे नाही त्याच्यावर वर सहसा कुणी बोलू शकत नाही. म्हणून मॅडमनी मला पहिल्याच भेटीत कामाला लावलं. ‘ताई, सगळ्या साक्षी आणि निशाण्यांची यादी तुम्ही तुमच्या हाताने करा. मी वाचेनच, पण तुम्हाला घर माहीत आहे, माणसं माहीत आहेत.’ निशाणी म्हणजे कोर्टाने क्रमांक देऊन पुरावा म्हणून रेकॉर्डवर घेतलेला कागद. मी बारावी शिकलेली. साक्षी इंग्रजीत, मुलगा शब्द सांगायचा आणि मी वहीत मराठीत लिहायचे. कुठल्या साक्षीदाराने कुठल्या निशाणीबद्दल काय सांगितलं, असे रकाने केले. ही वही मी आजही कुणालाही अभिमानाने दाखवते.

त्या रकान्यांतच सापडलं. मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदाराने साक्षीत सांगितलं होतं की सीलबंद कोयता रजिस्टरमध्ये नोंदवून घेतला, नोंदीवरची तारीख बरोबर आहे. तारीख कुठली, ते साक्षीत नाही. रजिस्टर बघून परत दिलं आणि त्या पानाची खरी प्रत निशाणी म्हणून ठेवली, असं खाली लिहिलेलं. आमच्या गठ्ठ्यात त्या निशाणीचं पान नव्हतं.

मॅडमना फोन केला तेव्हा त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग समजावून सांगितलं. पोलिसांपुढे आरोपी जे बोलतो ते पुरावा म्हणून चालत नाही. पुरावा कायद्याच्या कलम २७ ने (आता तीच तरतूद नव्या कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे) एकच वाट ठेवली आहे: त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. पण ती वस्तू पोलिसांकडे आधीपासूनच असेल, तर त्याने शोधून दिलं ते काय? ‘पंचनाम्याच्या आधीची तारीख त्या नोंदीवर असेल तर सगळं फिरेल ताई. नसेल तर नसेल. पण पान बघायलाच पाहिजे.’

इथून जे सुरू झालं ते आठवलं की अजून डोकं तापतं.

ज्या कोर्टात खटला चालला, तिथल्या नक्कल शाखेत अर्ज केला. उत्तर आलं, रेकॉर्ड वर पाठवलं आहे. वर चौकशी केली तर पोचलेल्या कागदांच्या यादीत ती निशाणी नव्हतीच. पुन्हा खाली. खिडकीवरच्या माणसाने यादी बघितली, कपाट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, ‘बाय, मेळना.’ लिहून द्या म्हटलं तर लिहून देईना. साहेब रजेवर. साहेब आले तर म्हणे रेकॉर्ड रूमच्या माणसाला विचारा. रेकॉर्ड रूमचा माणूस म्हणाला, अर्जात निशाणीचा क्रमांक घातलाय पण साक्षीदाराचा क्रमांक नाही, नवा अर्ज करा. नवा अर्ज केला. मधे कोविड आला, खिडकी बंद. उघडली तेव्हा खिडकीवर दुसरा माणूस आणि माझे जुने अर्ज कुठे आहेत ते त्याला ठाऊक नाही. वाळपईहून कदंबा बस पकडायची, वर्ग सुटायच्या आत मुलासाठी परतायचं, आणि हातात काही नाही. भावाच्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न, पान मिळालं का.

म्हणून सांगते, प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी पहिल्यापासून घेत होते, ते शेवटी कामी आलं. मॅडमनी ते शिक्के लावून हायकोर्टात अर्ज केला, की या निशाणीसाठी कधीपासून मागणी चालू आहे ते बघा. हायकोर्टाने खालच्या कोर्टाला शोध घेऊन मूळ कागद पाठवायला सांगितलं.

मग पान सापडलं. मुद्देमालाच्या वेगळ्या फायलीत लागलेलं होतं. ज्या कपाटाकडे मी इतके दिवस बघत उभी राहायचे त्याच्याच बाजूच्या कपाटात.

आणि त्याची नक्कल माझ्या हातात दिली तेव्हा तिच्यावर तारीख नव्हती. रजिस्टरमध्ये तारखेचा रकाना डाव्या कडेला असतो, आणि फाईल दोऱ्याने शिवताना ती कड टाक्यांच्या आत गेली होती. झेरॉक्समध्ये तिथे फक्त काळी पट्टी. मी म्हटलं, शिवण सोडा आणि प्रत काढा. नाही. शिवलेलं रेकॉर्ड आम्हाला सोडता येत नाही, आदेश आणा. मूळ कागद वर पाठवायचा आहे ना, मग सोडून पाठवा. नाही, फाईल आहे तशी जाईल. जाईल कधी? पाठवायच्या यादीवर सही व्हायची आहे. तिथल्या बाकावर बसून मी रडले ते दुःखाने नाही, रागाने. एक दोरा सोडायला किती वेळ लागतो? माझा भाऊ आत बसलाय!

सही होऊन फाईल पर्वरीला हायकोर्टात पोचेपर्यंत आणखी एक पावसाळा गेला. तिथे मॅडमनी तपासणीचा अर्ज केला आणि न्यायालयाच्या परवानगीने, अधिकाऱ्यासमोर शिवण सोडली गेली. मी बाहेर उभी होते. मॅडम आल्या आणि त्यांनी बोटाने ‘एक’ अशी खूण केली. एक दिवस आधी. ज्या दिवशी भावाने पंचांसमोर कोयता काढून दिला असं पंचनामा सांगतो, त्याच्या आदल्या दिवशी तोच कोयता, त्याच सीलसकट, पोलीस ठाण्याच्या रजिस्टरमध्ये जमा होता.

सुनावणी त्या मानाने लवकर आटोपली. परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर साखळीची एकेक कडी पक्की सिद्ध व्हावी लागते आणि सगळ्या कड्या मिळून आरोपी सोडून दुसऱ्या कुणाकडे बोट जाता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सारडा खटल्यात यासह पाच तत्त्वं घालून दिली, आणि वकील लोक त्याला पंचशील म्हणतात. आमच्या खटल्यात कोयत्याचा पुरावा गेल्यावर मागे राहिला तो उशिरा बोललेला दुकानदार. एकत्र दिसणं आणि खून यांच्यामध्ये अख्खी रात्र होती. शिक्षा रद्द झाली.

हे आधी सांगायला हवं होतं: निकालाची तारीख लागली की जामीनदार तयार ठेवा. निर्दोष सुटला तरी, सरकार वर गेलं तर हजर राहीन असा सहा महिन्यांचा जातमुचलका द्यावा लागतो, आणि न्यायालय त्यासोबत जामीनदारही मागू शकतं. आमच्या मामाने एक-चौदाचा उतारा (सातबारासारखा गोव्यातला जमिनीचा कागद) आणि घरपट्टीची पावती आधीच काढून ठेवली होती, म्हणून खोळंबा झाला नाही. आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर केसचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक घालून ठेवा, तारीख कळायला कुणाच्या फोनची वाट बघावी लागत नाही. तुरुंगातल्या माणसाला स्वतःलाही तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येतं, घरचं कुणी धावपळ करणारं नसेल तर हे लक्षात असू द्या.

गेलेल्या वर्षांचं काय, हे सगळेच विचारतात. चुकीच्या शिक्षेबद्दल भरपाई देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ साली २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या सहा जणांना, ज्यांना आधी फाशी ठोठावली होती, निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. म्हणजे न्यायालयाने मनावर घेतलं तर मिळू शकतं. हक्क म्हणून मागता येत नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही. माणूस पकडायला कायदा आहे, तर चुकून पकडला त्याला उभं करायलाही हवा.

भाऊ पुन्हा माडावर चढतो. नवा कोयता म्हापशाच्या बाजारातून आणला. सुटकेच्या निकालाच्या प्रमाणित प्रती एकदमच जास्त काढून ठेवा, बँकेपासून पंचायतीपर्यंत कुणी ना कुणी मागतंच. भरपाईसाठी याचिका करायचं आम्ही ठरवलं आहे. तिला जोडायला त्या रजिस्टरच्या पानाची नक्कल पुन्हा लागणार आहे, रेकॉर्ड आता परत खाली गेलंय. अर्ज मी कालच दिला, शिक्का घेतला, आणि पहिल्या ओळीतच लिहिलं की डावी कड पूर्ण दिसेल अशी प्रत हवी.