गाडी केकाटते, पण चोर नसतो

ती पहिल्यांदा आली तेव्हा सहावीत होती. लंगडी खेळताना घोटा मुरगळला, सूज आठवड्यात उतरली, पण ठणका आठ महिने राहिला. एक्स-रे, एमआरआय, रक्त, सगळं नॉर्मल. वडिलांनी फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, रिपोर्टमध्ये काहीच नाही. मग ही नाटक करते का?" मुलगी समोरच बसली होती.

मी फिजिओथेरपिस्ट, पुण्यात मुलांसोबत काम करते. दुखणं तीन महिन्यांपलीकडे गेलं की त्याकडे वेगळ्या नजरेने बघायचं असतं. इजा भरून आलेली असली तरी चेतासंस्था धोक्याचा इशारा देणं थांबवत नाही. मुलाला हे समजेल असं सांगणं हा उपचाराचाच भाग. इंग्रजीत यावर तयार साहित्य पुष्कळ आहे. म्हटलं, दोन शनिवार बसून त्याची मराठीत पुस्तिका करू. वर्ष गेलं.

पहिली ठेच 'दुखणं' याच शब्दाला लागली. मराठीत दुखणं म्हणजे वेदनाही आणि आजारही. "दुखणं मेंदूत तयार होतं" असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. आजीने नातीकडून ते वाचून घेतलं आणि पदर तोंडाला लावला. "पोरीच्या डोक्यात काही निघालं का हो?" वडिलांनी नेमका उलटा अर्थ काढला. डोक्यात म्हणजे मनात, म्हणजे नाटकच!

मग रीतसर पद्धतीने गेले. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं आणि मूळ मजकूर न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं. आमचं "जुनाट दुखणं" इंग्रजीत परतलं ते "जुना रोग" होऊन. चूक त्या तिसऱ्याची नव्हती. आपल्या कानाला जुनाट म्हणजे न सुटणारं. शेवटी "रेंगाळलेलं दुखणं" ठेवलं, चहा झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.

'बाऊ'ने तर मला रात्रभर जागवलं. लहानपणी गुडघा फुटला की आपण "बाऊ झाला?" म्हणत फुंकर घालतो, आणि तेच मूल दहा वर्षांचं झालं की "बाऊ करू नकोस" म्हणतो. पोटदुखीचा एक मुलगा म्हणाला, "मी आता सांगतच नाही." वेदनेच्या अभ्यासाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. सोबतच्या टिपांत म्हटलंय की माणूस दुखतंय म्हणाला तर त्या सांगण्याचा मान राखावा. आमच्या पहिल्या पानावर त्याचं असं झालं: "तुला दुखतंय म्हणजे दुखतंय."

आकड्यांची गंमत वेगळीच. "शून्य ते दहा, किती दुखतं?" विचारलं की एक जण "नऊ!" म्हणून हसायचा. दहापैकी नऊ मार्क, वाईट काय त्यात? चेहऱ्यावर बोट ठेवून दुखणं सांगायच्या ज्या तक्त्यात शेवटचा चेहरा रडका होता, त्यातला तो चेहरा हा पठ्ठ्या निवडेना, कारण "मी रडलोच नव्हतो." त्यामुळे २००१ चा सुधारित सहा चेहऱ्यांचा तक्ता घेतला. त्यात हसूही नाही, अश्रूही नाहीत. शेजारी शब्द मांडले: ठणका, कळ, सणक, ठसठस, आग, मुंग्या. मुलांनी त्यात "करंट लागल्यासारखं" ही भर घातली.

इंग्रजी साहित्यात लाडका दाखला स्मोक अलार्मचा. आपल्या घरात छताला असा भोंगा कुठे असतो? असता तर रोज फोडणीला बोंबलला असता. मी कुकरची शिट्टी सुचवून पाहिली, पण शिट्टी म्हणजे भात झाला, ती तर चांगली बातमी. तोडगा त्या लंगडीवाल्या मुलीनेच दिला. "गणपतीत ढोल आले की सोसायटीतल्या गाड्या केकाटतात, तसं का?" अगदी तसंच. चोर नसतो, काच फुटलेली नसते, पण अलार्म फार हळवा झालेला असतो. तो तोडायचा नसतो, त्याचं सेटिंग हळूहळू खाली आणायचं असतं.

चित्रकाराने आधी सोफ्यावरचं सोनेरी केसांचं मूल काढलं होतं. ते काढून गणवेशातली मुलगी आणली. बाथटबच्या जागी मांडी घालून जेवणं, दप्तर घेऊन जिना चढणं, प्रार्थनेला उभं राहणं आणि उकिडवं बसायचा संडास आला. संडासाचं चित्र ठेवावं की नाही यावर एक अख्खी मीटिंग झाली. मी हटून बसले. शाळेत दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

आजीचं तेल मात्र बंद केलं नाही. रोजची मालीश राहू दिली, फक्त त्यानंतर "आता पाय हलवू नकोस" होतं, तिथे "आता गेटपर्यंत जाऊन ये" केलं. ही मुलगी गॅदरिंगला दिवसभर नाचायची आणि मग तीन दिवस अंथरुणात. थोडं थोडं वाढवायचं, बरं वाटलं तरी ठरल्याहून जास्त नाही, हे तिला पटवताना माझा घसा कोरडा पडला. आजी म्हणाली, "आळंदीहून पंढरपूर एका दमात कुणी जातं का गं? विसावा असतो, मुक्काम असतो." मुलीला ते लगेच पटलं. पुस्तिकेत वारी घातली नाही, कारण आमच्याकडे सगळ्या धर्मांची मुलं येतात. पण वारकऱ्यांच्या घरचं मूल आलं की मी आजीचंच वाक्य वापरते.

आज ती शाळेचे दोन मजले चढते. संध्याकाळी ठणका असतो, पूर्वीइतका नाही.

पालकांसाठीचं पान मी तीनदा लिहिलं. त्यात एक ओळ आहे: "दुखतंय का, असं रोज विचारू नका." वडिलांनी ती वाचली आणि मान वर करून म्हणाले, "मग काय विचारू?" तेवढं मी लिहिलंच नव्हतं. मुलगीच म्हणाली, "बाबा, डबा संपवला का ते विचारत जा."