टाकीच्या तळासाठी मासे निवडताना: माझा अनुभव

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात आहे. घराच्या ओसरीलगतच्या खोलीत ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच काचेची टाकी आहे. तिच्यात सुमारे १०० लिटर पाणी मावते. वरच्या आणि मधल्या थरात गप्पी व झेब्रा डॅनिओ आनंदाने फिरत होते, पण तळ रिकामा होता. तो नीट भरायला मला ३ वर्षे लागली, आणि त्यातली पहिली २ वर्षे मी चुकीचाच प्रश्न विचारत होतो.

दुकानात मी विचारले होते, "काच साफ करणारा मासा आहे का?" त्यावर मला २ इंचाचा सकर मिळाला. दीड वर्षात तो वीतभर झाला, रोपे उपटू लागला आणि काच साफ करण्याऐवजी टाकीत घाणच वाढवू लागला. हा मासा पुढे फूटभराहून मोठा होतो, हे मला विकत घेताना कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. गावातल्या अनेकांनी त्याला मामा (माजी मालगुजारी) तलावात सोडून द्यायला सांगितले. मी ते केले नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्या देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे. तो काठाच्या मातीत बिळे करतो आणि त्याच्या हाडासारख्या कवचाने व काट्यांनी जाळी फाटतात. ज्या तलावावर धानाचे पाणी आणि ढिवर बांधवांची मासेमारी अवलंबून आहे, तिथे त्याला सोडणे मला पाप वाटले. शेवटी मोठी टाकी असलेल्या नागपूरच्या एका परिचिताने तो नेला.

त्यानंतर, नोव्हेंबरात, मी ६ ब्राँझ कोरीडोरस आणले. शांत, कळपाने राहणारे, अडीच इंचांच्या आसपास थांबणारे हे मासे गप्पींबरोबर ठेवण्यास अगदी योग्य होते. मधूनच एखादा बाणासारखा वर येऊन हवेचा घोट घेई आणि खाली परते, कारण हवेतला प्राणवायू तो आतड्यातूनही शोषू शकतो. मे महिन्यात मात्र ते वर येण्याचे प्रमाण इतके वाढले की मला काळजी वाटू लागली, आणि एका आठवड्यात ४ मासे गेले. त्या दिवसांत दुपारी ४ वाजता टाकीचे पाणी ३३ अंशांवर होते. या माशाला साधारण २२ ते २६ अंश मानवतात. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायूही घटतो: २५ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून थोडा अधिक, तर ३५ अंशांना ७ च्या आत. त्यात संध्याकाळी वीज गेली की एअर पंपही बंद पडे. मेलेला एक मासा तळहातावर घेऊन पाहिला, तेव्हा त्याच्या मिशा झिजून पांढरट खुंट उरले होते. टोकदार रंगीत खडे आणि त्यांच्या फटीत साचलेली घाण यांचा हा परिणाम होता. उरलेले दोन्ही मासेही मी नागपूरला पाठवले.

तेव्हा प्रश्न बदलला. माझ्या टाकीच्या तळाशी, माझ्या खोलीतल्या उन्हाळ्यात कोण सुखाने राहू शकेल, असे मी विचारू लागलो. पुढचा उन्हाळाभर तळाला एकही मासा न ठेवता मी सकाळी ७ आणि दुपारी ४ ची तापमाने वहीत लिहिली. खोलीत कूलर लावला की पाणी २ ते ३ अंशांनी उतरते, त्यापेक्षा जास्त नाही, हे त्यातून कळले. मग एकेक नाव गाळत गेलो. रेड टेल शार्क दिसायला देखणा असला तरी जागेवर हक्क सांगतो आणि इतरांना पिटाळतो. टेंगरा आपल्याकडचा आणि काटक आहे, पण तो गप्पींना गिळेल. लोच म्हणजे तळाशी राहणारे लांबट, मिशाळ मासे; त्यातल्या कुहली लोचवर माझे मन फार बसले होते, पण ३० अंशांच्या वर त्याला ठेवणे मला योग्य वाटले नाही. झेब्रा लोच आपल्या सह्याद्रीतला असला तरी तो वाहत्या, थंड ओढ्यांचा मासा आहे आणि धोक्यात आलेल्या प्रजातींत त्याची गणना होते, म्हणून तोही सोडला.

उत्तर घराजवळच होते. पावसाळ्यात धानाच्या बांधीत बोटभर लांबीचा, ठिपक्यांचा, मिशाळ मासा सापडतो. तो लोच कुळातलाच आहे. तलावावरचे एक ढिवर काका मला म्हणाले, "हा चिखलात राहते जी, पाणी तापलं तं काई होत नाही त्याले." हा मासाही आतड्याने हवा घेतो आणि कोणाच्या वाटेला जात नाही.

खडे काढून मी चुलबंद नदीची बारीक वाळू चाळली, पाणी निवळेपर्यंत धुतली आणि तिच्यावर लिंबू पिळून पाहिले. फेस आला नाही, म्हणजे तिच्यात चुना नव्हता. २ इंच थर घातला. आमच्याच बांधीतून ७ मासे आणून ३ आठवडे वेगळ्या टबात ठेवले, कारण रानातल्या पाण्याबरोबर रोग आणि परजीवी येतात. टाकीत सोडताच पहिल्याने मान हलवत वाळूत स्वतःला असे गाडून घेतले की फक्त दोन डोळे आणि मिशांची टोके वर राहिली. दिवा मालवल्यावर मी बुडणाऱ्या गोळ्या टाकतो. आधी टाकल्या तर डॅनिओ त्या वाटेतच पळवतात.

यंदाच्या मे महिन्यात पाणी एकदा ३२.५ अंशांपर्यंत गेले. रात्री बॅटरीच्या उजेडात मोजले, सातही वाळूवर होते.